चार्टवरचे चोवीस

मुली त्यांना पाठीमागे ‘मिनिट सिस्टर’ म्हणायच्या. समोर अर्थातच नुसतं ‘सिस्टर’. पुरुषांच्या सर्जरी वॉर्डात त्यांना सव्वीस वर्षं झाली होती, आणि त्यातली शेवटची अकरा वर्षं नर्सिंगच्या मुलींना रुग्णाच्या खाटेशी उभं करून शिकवायचं कामही त्यांच्याकडेच होतं. कॉलेजात पुस्तक शिकवणाऱ्या बाई वेगळ्या होत्या. माणूस शिकवायच्या त्या सिस्टर.

दुसऱ्या वर्षी आमची सहा जणींची तुकडी त्यांच्या हाताखाली गेली. पहिल्याच सकाळी त्यांनी आम्हाला सगळ्या वॉर्डाचा ताप, नाडी, बीपी आणि श्वास टिपून आणायला पिटाळलं. चौतीस खाटा. आम्ही अर्ध्या तासात हजर, वर आपण किती चटपटीत म्हणून खुशीत. सिस्टरांनी कागद हातात घेतले, चष्मा वर सरकवला आणि श्वासांचे आकडे मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.

“वीस. वीस. वीस. वीस. अठरा, ही कोण बंडखोर? पुन्हा वीस.” मग त्यांनी आमच्याकडे बघितलं. “चौतीस माणसं एका तालावर श्वास घेतायत. हा वॉर्ड आहे की बँडपथक?”

कोपऱ्यातल्या खाटेवरचे एक आजोबा खो खो हसले आणि टाके ताणले म्हणून लगेच कण्हले.

खरं सांगायचं तर श्वास कुणी मोजतच नाही. बीपीला यंत्र लावावं लागतं, नाडीला बोट लावावं लागतं. श्वासाचं काय, माणूस जिवंत दिसतोय, लिहा वीस. सिस्टरांचा सगळा राग याच गोष्टीवर होता. “माणूस आतून बिघडायला लागला की आधी श्वास बोलतो,” त्या म्हणायच्या. “बीपी फार नंतर. आणि तुम्ही जो बोलतोय त्यालाच गप्प करता.” रुग्णाला कळलं तर त्याचा श्वास बदलतो, म्हणून नाडी बघत असल्याचं सोंग करून, छातीवर नजर ठेवून, पूर्ण एक मिनिट मोजायचं. कुणी अर्धं मिनिट मोजून दुप्पट केलं की त्या बरोबर पकडायच्या. एकदा मलाच पकडलं. “आठवडा झाला, तुझ्या कागदावर एकही विषम आकडा नाही. तुझे पेशंट जोडीजोडीनं श्वास घेतात का गं?” मी मान खाली घातली ती संध्याकाळपर्यंत वर केली नाही.

आमच्यातली सगळ्यात लहानखुरी मुलगी माझ्या खोलीत राहायची. सतत काहीतरी करत असायची, म्हणून हॉस्टेलात आम्ही तिला मुंगी म्हणायचो. पुढे सगळा वॉर्डच म्हणायला लागला. बोलायची कमी आणि तेही खालच्या आवाजात. पण रुग्णाजवळ ती बसली की तो शांत व्हायचा. सिस्टरांनी कुणाचं तोंडावर कौतुक केल्याचं मला आठवत नाही. मुंगीच्या कागदावर मात्र त्या न वाचता सही करायच्या. आम्हा बाकीच्या पाचजणींना त्याचा हेवा वाटायचा.

सिस्टरांच्या घरचं आम्हाला हळूहळू कळलं. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. घरात फक्त सासू. खुब्याचं हाड मोडल्यापासून तिनं अंथरूण धरलं होतं. तिची आंघोळ, कपडे, खाणंपिणं उरकून, शेजारणीच्या हातात किल्ली देऊन सिस्टर सात वाजता वॉर्डात हजर व्हायच्या आणि चारला घरी जाऊन तेच पुन्हा सुरू करायच्या. “घरी एक खाट, इथे चौतीस,” एवढंच त्या कधीतरी म्हणायच्या.

नऊ नंबरच्या खाटेवर पेंटरकाका होते. दुकानांच्या पाट्या रंगवायचे. आतड्याचं ऑपरेशन होऊन चौथा दिवस होता. अठ्ठावन्न वर्षांचा, काटक, गमत्या माणूस. खाटेवर पडल्या पडल्या भिंतीवरच्या ‘शांतता राखा’ या पाटीला नावं ठेवायचे. “‘शां’वरचं टिंब बघा, लिहिणाऱ्याचा हात हलला होता.” त्यांची बायको सकाळी आठला यायची आणि स्टुलावर बसून त्यांचे पाय दाबायची.

त्या दिवशी सकाळच्या राउंडला ड्युटीवरचे डॉक्टर घुश्शात होते. आदल्या दिवशी सिस्टरांनी त्यांना दुसऱ्या एका रुग्णासाठी दोनदा फोन करून बोलावलं होतं आणि दोन्ही वेळा काही निघालं नव्हतं. आमच्या चार्टवर श्वासाच्या रकान्यात पंचविसापासून वर लाल पट्टा होता. आकडा लालमध्ये गेला की डॉक्टरांना फोन करायचा, असा नियम.

“सिस्टर,” डॉक्टर आम्हा सहाजणींसमोर म्हणाले, “तुमच्या त्या मिनिटांनी माझा अख्खा दिवस खाल्ला काल. घाबरलेला पेशंट कुठला आणि बिघडलेला कुठला, हे सव्वीस वर्षांत कळलं नाही?”

“लाल आलं की कळवायचा नियम आहे, डॉक्टर.”

“मग लाल येऊ देऊ नका,” ते म्हणाले आणि स्वतःच हसत पुढच्या खाटेकडे गेले.

सिस्टरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. त्या दिवशी दोन नर्सेसपैकी एक आजारी पडली होती. म्हणजे सिस्टर, एक नर्स आणि आम्ही सहा शिकाऊ. अकराच्या सुमाराला रस्त्यावरच्या अपघातातला एक माणूस थेट वॉर्डात आणला. मांडीतून रक्त थांबत नव्हतं. सिस्टर एकवीस नंबरच्या खाटेवर ओणव्या होऊन जखम दाबून धरत होत्या. मी शेजारच्या खाटेची चादर बदलत होते. म्हणून पुढचं सगळं मी माझ्या कानांनी ऐकलं.

मुंगी आली. “सिस्टर, नऊ नंबर. श्वास सत्तावीस.”

“सकाळी किती होते?”

“बावीस. पोट जड वाटतंय म्हणतात.”

“दुखण्याची गोळी आत्ताच दिलीय. ती लागू पडली की उतरतील. वीस मिनिटांनी परत मोज, तेव्हा लिही.”

मुंगी गेली आणि वीस मिनिटांनी पुन्हा आली. “एकतीस. दोनदा मोजले, पूर्ण मिनिट.”

सिस्टरांचे हात कोपरापर्यंत रक्तानं माखले होते. त्यांनी टेबलावरच्या फोनकडे बघितलं. मग खाली जखमेकडे. मग म्हणाल्या, “चोवीस लिही.”

मुंगीला वाटलं सिस्टरांना नीट ऐकू गेलं नाही. “सिस्टर, एकतीस.”

“ऐकलं मी. आत्ता चोवीस लिही. हे आटोपलं की मी स्वतः येऊन बघते. पाच मिनिटं.”

मुंगी गेली आणि तिनं चोवीस लिहिले. मी चादरीचे कोपरे खोचत राहिले.

पाच मिनिटांचं पुढे काय झालं ते रोजच्यासारखंच होतं. अपघाताच्या माणसाला ऑपरेशन थिएटरमध्ये न्यायचं होतं, तर ढकलगाडी मिळेना. तीस नंबरची सलाईन निघाली. एका रुग्णाचा भाऊ भेटीच्या वेळेवरून हुज्जत घालायला लागला. औषधांच्या दुकानातून फोन आला. सिस्टर बसल्या नाहीत, पाणी प्यायल्या नाहीत. मुंगी एकदा येऊन पाच-सहा पावलांवर उभी राहिली, सिस्टरांनी नुसता हात वर केला आणि ती परत गेली. पेंटरकाकांचा हात धरून बसली. एक वाजून वीस मिनिटांनी तिनं हाक मारली. तिचा आवाज इतका मोठा मी पहिल्यांदाच ऐकला.

काका घामानं निथळत होते आणि अंग गार. ओठ राखाडी पडले होते. सिस्टर धावल्या, ऑक्सिजन लावला, डॉक्टर आले, काकांना वर अतिदक्षता विभागात नेलं. आतड्याचा जोड सुटला होता आणि विष पोटभर पसरलं होतं. चार वाजता ते गेले.

संध्याकाळी निघताना मी बघितलं. सिस्टर रिकाम्या नऊ नंबरपाशी चार्ट हातात घेऊन उभ्या होत्या. चार्टवर मुंगीच्या गोल अक्षरात चोवीस होते. लाल पट्ट्याच्या बरोबर खाली.

तिसऱ्या दिवशी चौकशी झाली. आमच्या प्राचार्य बाई, हॉस्पिटलचे सुपरिंटेंडेंट, ड्युटीवरचे डॉक्टर आणि सिस्टर. आम्ही सहाजणी बाहेर बाकावर. मुंगीला आत बोलावलं. तिनं सरळ सांगितलं, मी एकतीस मोजले होते, सिस्टरांनी चोवीस लिहायला सांगितलं. प्राचार्य बाईंनी सिस्टरांकडे बघितलं.

“त्या गडबडीत मी असं काही बोलल्याचं मला आठवत नाही,” सिस्टर म्हणाल्या.

हे मला मुंगीनंच नंतर सांगितलं. सिस्टर बोलल्या तेव्हा टेबलावरच्या पेल्याकडे बघत होत्या, एवढंही सांगितलं.

मग आम्हाला एकेकीला आत घेतलं. “तू जवळपास होतीस. काही कानावर पडलं?” प्राचार्य बाईंनी मला विचारलं. सिस्टर समोर बसल्या होत्या. वर्षाच्या शेवटी माझ्या वहीवर त्यांचीच सही लागणार होती. मी म्हणाले, “नाही बाई. मी चादर घालत होते.”

मुंगीला कॉलेजातून काढलं. कागदावर दोन कारणं होती: चुकीची नोंद करणं, आणि ती नोंद वरिष्ठांवर ढकलणं. तिला दुसरं कारण जास्त लागलं. दुपारी ती सामान बांधत होती आणि मी तिच्या पलंगावर बसून होते.

“तू ऐकलंस ना?” तिनं विचारलं. रागानं नाही. घडी घालता घालता, जसं एखादं पुस्तक कुणाचं म्हणून विचारावं तसं.

तिनं बॅगेची चेन लावली. चेन मध्येच अडकली, तर मी पुढे होऊन दोन्ही बाजू दाबून धरल्या. एवढीच मदत मी तिला केली.

त्यानंतर सिस्टर आम्हाला शिकवत राहिल्या. म्हणजे वॉर्डात येत राहिल्या. ड्रेसिंग कसं करायचं, नळी कशी घालायची, सगळं दाखवायच्या. पण आकडे मोठ्यानं वाचणं बंद झालं. एका सकाळी आमच्यातल्या एकीनं दहा खाटांवर सरसकट वीस लिहून कागद पुढे केला. आम्ही जीव मुठीत धरून बघत होतो. सिस्टरांनी सही केली आणि कागद परत दिला. ती मुलगी खाली बघत राहिली. त्यापेक्षा सिस्टर ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

पेंटरकाकांना जाऊन सहा आठवडे होत आले तेव्हा त्यांची बायको वॉर्डात आली. काकांचा चष्मा राहिला होता. सिस्टरांनी कपाटातून तो शोधून दिला. काकूंनी तो रुमालात गुंडाळला आणि इकडे तिकडे बघितलं.

“ती बारकी पोरगी दिसत नाही?”

सिस्टर कपाटाला कुलूप लावायला वळल्या.

“तिला भेटायचं होतं,” काकू म्हणाल्या. “शेवटपर्यंत हात धरून बसली होती यांचा. सारखी म्हणत होती, काका, मी सांगितलंय, सिस्टर येतायत. तुमच्याकडे दोनदा आली होती ना ती? मी बघत होते इथून. तुमच्या हातात तो रक्तानं भरलेला माणूस होता.”

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. त्यांना फक्त त्या मुलीला चार शब्द बरे बोलायचे होते. या बाईला चौकशीत कुणी काही विचारलंच नव्हतं.

“ती रजेवर आहे,” सिस्टर म्हणाल्या.

“मग आली की सांगा,” म्हणून काकू गेल्या.

त्या दिवशी घरी काय झालं ते सिस्टरांनी मला पुष्कळ पुढे सांगितलं. सासूला सूप भरवताना त्यांचा हात दोनदा थांबला. म्हातारीचं अंग अडकलं होतं, नजर नव्हती अडकली.

“काय झालंय? आज डाव्या कुशीला उशीही लावली नाहीस.”

सिस्टरांनी सगळं सांगून टाकलं. एकतीस, चोवीस, पेला, रजा. म्हातारीनं शेवटपर्यंत ऐकलं.

“मला कशाला सांगतेस?” ती म्हणाली. “मी काय तुमच्या कमिटीवर आहे? मला सांगून तुला हलकं वाटेल आणि मी इथे छताकडे बघत बसेन. जिथे सांगायचं तिथे जाऊन सांग.”

“नोकरी जाईल, आई.”

“जाऊ दे. घरी असशील. मला उशी तरी वेळेवर मिळेल.”

दुसऱ्या दिवशी सिस्टर सगळं स्वतःच्या हातानं लिहून प्राचार्य बाईंकडे गेल्या. बाईंनी कागद वाचला आणि टेबलाच्या खणात ठेवला.

“प्रकरण मिटलंय, सिस्टर. तुमच्या निवृत्तीला वीस महिने राहिलेत. ती मुलगी गेली, तो माणूस गेला. आता तुम्हीही जाणार का?”

“मी खोटं बोलले होते, बाई.”

“तुम्हाला आठवत नव्हतं, असं म्हणालात. ते खोटं होत नाही.”

सिस्टरांनी घरी जाऊन तोच मजकूर पुन्हा दोनदा लिहिला. एक प्रत सुपरिंटेंडेंटना दिली. दुसरी घेऊन पेंटरकाकांच्या घरी गेल्या.

दुकान आणि घर एकच होतं. भिंतीला एका शिवणयंत्राच्या दुकानाची पाटी टेकून ठेवली होती, शेवटची दोन अक्षरं नुसती पेन्सिलीनं आखलेली. काकूंनी सिस्टरांना बसायला खुर्ची दिली. सिस्टर उभ्याच राहिल्या आणि उभ्यानंच सांगितलं.

काकूंनी पदराला हात पुसले. मग विचारलं, “तेव्हाच फोन केला असता तर वाचले असते?”

सिस्टरांनी आयुष्यात हजार नातेवाइकांना उत्तरं दिली होती. अशा वेळी काय म्हणायचं हे त्यांनी आम्हाला शिकवलंही होतं. त्या म्हणाल्या, “सांगता येत नाही. पण वाचण्याची शक्यता होती. दोन तास हातात होते.”

“दोन तास,” काकू म्हणाल्या. “मी पाय दाबत होते त्यांचे. ते म्हणत होते, जोरात दाब.” मग त्यांनी कागद घेतला. “हा ठेवते मी. तुम्ही आता जा. आणि इकडे परत येऊ नका.”

तो कागद जोडून काकूंनी तक्रार केली, म्हणून चौकशी पुन्हा उघडली. नुसत्या सिस्टरांच्या सांगण्यावर ती उघडली नसती, हे तेव्हा सगळ्यांनाच कळत होतं. या वेळी मला बोलावलं तेव्हा मी खरं सांगितलं. “मागच्या वेळी का नाही बोललीस?” सुपरिंटेंडेंटनी विचारलं. भीती वाटली, मी म्हणाले. त्यांनी ते लिहून घेतलं. सिस्टर समोरच होत्या. माझ्याकडे बघितलंही नाही त्यांनी. बाहेर आल्यावर मी त्यांच्या मागे मागे जिन्यापर्यंत गेले.

“सिस्टर, माझंही चुकलं.”

“हो,” त्या म्हणाल्या. “चुकलं.” आणि जिना उतरून गेल्या.

डॉक्टरांना समज देणारं एक पत्र मिळालं. ‘लाल येऊ देऊ नका’ हे आपण गमतीत म्हटलं होतं, असं त्यांनी लेखी दिलं, आणि ते तसंच होतं. सिस्टरांना तीन महिने घरी बसवलं. शिकवायचं काम कायमचं काढून घेतलं. परत आल्या तेव्हा वॉर्डही नाही. तळघरात, जिथे ऑपरेशनची हत्यारं पुडक्यात बांधून वाफेवर निर्जंतुक करतात, तिथे नेमणूक झाली. मुंगीला कॉलेजचं पत्र गेलं: आधीचा आदेश रद्द, नव्या वर्षापासून दुसऱ्या वर्षाच्या वर्गात बसता येईल, एका महिन्यात कळवावं.

तीन आठवडे झाले तरी उत्तर आलं नाही. एका रविवारी सिस्टर सकाळीच आमच्या हॉस्टेलच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. मी त्यांना पहिल्यांदाच साध्या कपड्यात बघत होते. गणवेशाशिवाय त्या बऱ्याच बुटक्या वाटल्या.

“तुला तिचं घर माहीत आहे ना? चल.”

बसनं अडीच तास. वाटेत आम्ही जेमतेम चार वाक्यं बोललो असू. मुंगीचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं आणि खाली पिशव्या शिवायचा कारखाना. दार तिच्या थोरल्या बहिणीनं उघडलं. सिस्टर कोण हे तिला न सांगता कळलं.

“आता कशाला आलात?” ती म्हणाली. “कॉलेजात चोरी केली का तिनं, असं विचारत होते लोक. बाबा महिनाभर तिच्याशी बोलले नाहीत. तिची रोजची जेवणाची वेळ पण बदलली त्यांनी, तोंड बघायला नको म्हणून.”

“ताई, येऊ दे त्यांना,” आतून मुंगीचा आवाज आला.

ती खिडकीपाशी बसून पिशव्यांचे बंद उलटे करत होती. एका लांब सळीनं बंद आतून बाहेर ओढायचा, बाजूला टाकायचा, दुसरा घ्यायचा. कारखान्यातलं काम ती घरी आणत असे. आणखी बारीक झाली होती. सिस्टर तिच्यासमोर जमिनीवर बसल्या.

“मी तुझ्यावर खोटा आळ घातला,” त्या म्हणाल्या. “ते आता सगळीकडे लिहून दिलंय. तुला परत घेतायत. तू ये.”

मुंगीनं दोन बंद उलटे केले.

“सिस्टर, एक विचारू?” ती म्हणाली. “तुम्ही एक वीसला आलात तेव्हा काकांच्या पोटाला हात लावला होता. कडक होतं का?”

“हो. फळीसारखं.”

“मी दुसऱ्यांदा मोजले तेव्हा लावला होता हात. मला कडक वाटलं होतं. पण आम्हाला पोट बघायचं अजून शिकवलं नव्हतं, म्हणून मला खात्री नव्हती. तुम्हाला फक्त श्वास सांगितले.” तिनं सळी मांडीवर ठेवली. “पोटाचं सांगितलं असतं तर तुम्ही आला असता?”

सिस्टरांचा चेहरा असा झाला की मी खिडकीबाहेर बघायला लागले. इतके महिने ती मुलगी हा प्रश्न घेऊन बसली होती. आम्हाला वाटत होतं तिला सिस्टरांचा राग असेल, माझा असेल.

“ते ओळखायचं काम माझं होतं,” सिस्टर म्हणाल्या. “तुझं नव्हतं. तू आलीस, सांगितलंस. एकतीस पुरे होते. एकतीसला मी यायला हवं होतं.”

“पण आला असता का?”

सिस्टर म्हणाल्या, “मला माहीत नाही गं.”

मुंगीनं मान हलवली. तिला बहुतेक हेच उत्तर अपेक्षित होतं, किंवा दुसरं कुठलंही उत्तर तिला खोटं वाटलं असतं. बहिणीनं दोघींच्या पुढ्यात चहा आणून ठेवला, जरा आदळूनच. सिस्टरांनी तो घेतला.

“मी नाही येणार,” मुंगी थोड्या वेळानं म्हणाली. “तुमच्यामुळे नाही. तुम्ही चोवीस म्हणालात आणि मी लिहिलं. मला माहीत होतं ते चूक आहे, तरी माझा हात थांबला नाही. पुन्हा कुणी सांगितलं तर मी पुन्हा लिहीन, असं मला वाटतं.”

“नाही लिहिणार तू,” मी म्हणाले.

ती माझ्याकडे बघून किंचित हसली. “तुला काय माहीत?”

निघताना सिस्टरांनी तिच्या डोक्यावर ठेवायला हात पुढे केला आणि मग मागे घेतला. मुंगीनं ते बघितलं. ती दारापर्यंत आली, जिन्याचा दिवा लावून दिला. खाली रस्त्यावर आल्यावर सिस्टर कारखान्याच्या पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, “दोन मिनिटं थांब.” त्या रडल्या नाहीत. चपलेचा पट्टा सोडून पुन्हा बांधत राहिल्या. शेवटी आमची बस चुकली आणि पुढच्या बसला सव्वा तास होता.

महिना उलटला. मुंगीची जागा कॉलेजनं भरली. ती पिशव्यांच्या कारखान्यातच राहिली, पुढे तिथली मुकादम झाली, लग्न केलं. मला तिचं वर्षातून एखादं पत्र येतं. त्यात मुलांचं असतं, खोकल्याचं औषध विचारलेलं असतं.

सिस्टर उरलेले महिने तळघरात हत्यारांची पुडकी बांधत होत्या. मी पुढच्या वर्षी शेवटची परीक्षा पास झाले आणि त्याच हॉस्पिटलात लागले. अधूनमधून खाली जायचे. तिथे खिडकी नव्हती, वाफेनं भिंतींचा रंग सुटला होता. त्या कात्र्या, चिमटे मोजून कापडात गुंडाळायच्या, वर तारीख घालायच्या. वॉर्डाचं कधी विचारलं नाही. नव्या मुली तिथे पुडकी न्यायला येत आणि त्यांना ‘तळघरातल्या मावशी’ म्हणत. त्या मुलींना आधीचं काही ठाऊक नव्हतं आणि सिस्टरांनी सांगितलंही नाही.

त्या निवृत्त झाल्या तेव्हा निरोप समारंभ नको, असं त्यांनीच सांगितलं. पुढच्या उन्हाळ्यात सासू गेली. मी भेटायला गेले तेव्हा सिस्टर खाट सोडवत होत्या. एक बोल्ट गंजून बसला होता. मी पाना धरला, त्यांनी जोर लावला. खाट सुटी झाली, तेव्हा त्या खोलीच्या मध्यावर उभ्या राहून म्हणाल्या, आता एवढ्या मोकळ्या जागेचं काय करायचं ते कळत नाही.